जिजीची म्हैस आणि आमची लाजलेली भट्टी

आधीच सांगून ठेवते, मला रंगातलं फार कळतं असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाका. माझं अर्धं आयुष्य तपकिरी रंगात गेलं. विजेच्या खांबावर तारांखाली चिनी मातीचे इन्सुलेटर बसवतात ना, ते बनवणाऱ्या कारखान्यात मी ग्लेझ खात्यात होते. सकाळी तपकिरी, दुपारी तपकिरी, ओव्हरटाइमला तपकिरी. घरी येऊन हात धुतले तर मोरीतलं पाणीसुद्धा तपकिरी. पुढे कारखाना बंद पडला आणि मी आणि आमचे भट्टीवाले रऊफभाई, असं दोघांनी मिळून नाशिकच्या अंबडला एका शेडमध्ये स्टोनवेअरची भांडी करायला सुरुवात केली. रऊफभाई चाकावर आणि भट्टीवर, मी ग्लेझवर. तेव्हा कुठे मला कळलं की जगात निळा म्हणूनही एक रंग असतो.

आता मी निवृत्त झाले आहे, असं घरचे म्हणतात. मी रोज डबा घेऊन शेडवर जाते ती गोष्ट वेगळी.

स्टोनवेअर म्हणजे इतकी कडक भाजलेली माती की तिच्यातून पाणी झिरपत नाही. तुमच्या लोणच्याच्या जुन्या बरण्या त्याच जातीच्या. आणि ग्लेझ म्हणजे तिच्यावरची चकचकीत काच. रंग नव्हे हो! हे मी इतक्या वेळा बोलले आहे की दारावर पाटी लावायला हवी होती. दगडाची पूड, माती, राख आणि चिमूटभर धातू पाण्यात कालवायचं, कच्चं भाजलेलं भांडं त्यात बुडवायचं आणि साडेबाराशे अंशांच्या भट्टीत घालायचं. तिथे ती पूड वितळते आणि भांड्यावर काच होऊन बसते. गंमत अशी की भट्टीत जाताना निळा असतो तो जांभळट गुलाबी दिसतो, हिरवा राखाडी दिसतो आणि पांढरा ताकासारखा. गिऱ्हाईक हे बघतं आणि ओरडतं. 'अहो, मी निळा सांगितला होता!' मी म्हणते, भाजू द्या. पोळी कच्ची असताना तुम्ही बायकोला करपली म्हणता का?

एकानं तर स्वतःची स्कूटर शेडच्या आत आणून उभी केली. 'हा निळा.' मी म्हटलं, 'अहो, हा पेंट आहे.' 'मग पेंट मारा की.' मी म्हटलं, 'त्यापेक्षा चहा स्कूटरवरच ओता आणि चाटा.' तो गृहस्थ परत आला नाही. रऊफभाई म्हणाले, 'ताई, तुम्ही गिऱ्हाईक बनवत नाही, कमी करता.'

दुसरे एक होते गंगापूर रोडचे. निवृत्त साहेब, कडक इस्त्री, बोलणं मोजून. त्यांना जेवणाचा संच हवा होता. 'पांढरा नको,' ते म्हणाले, 'शुभ्र.' फरक समजावा म्हणून त्यांनी खिशातून एक रुमाल काढला आणि डब्यातून मुळ्याचा काप. 'या दोघांच्या मधला.' मी तो मुळा बराच वेळ हातात धरून उभी होते, काय करणार! पण माणूस खरा हौशी. त्यांच्यासाठी मी घोटीच्या गिरणीतून भाताच्या तुसाची राख आणवली, कारण ती ग्लेझमध्ये घातली की मस्त दुधाळ पांढरं येतं. आम्ही त्यांना शुभ्रकाका म्हणायचो. पाठीमागे, अर्थात.

राखेचं हे असं असतं. प्रत्येक झाड जमिनीतून आपापलं काहीतरी घेतं, ते राखेत उरतं आणि भट्टीत बाहेर येतं. बाभळीचं वेगळं, आंब्याचं वेगळं. माणसं खोटं बोलतील, राख नाही बोलत. याच राखेपायी एका चांगल्या बागायतदाराचं बिंग कसं फुटलं, ते आज सांगायला बसले आहे.

तर प्रणाली. वणीकडच्या बाळासाहेबांची मुलगी, शिकायला नाशिकला होती आणि रविवारी आमच्याकडे चाकावर बसायला यायची. हाताला वळण अजिबात नव्हतं. तिनं मातीची म्हैस केली, ती शिंगं फुटलेल्या बटाट्यासारखी झाली. रऊफभाईंना ती इतकी आवडली की त्यांनी ती भाजून भट्टीच्या माथ्यावर ठेवली आणि तिला मुकादम केलं. भट्टी पेटवायच्या आधी तिच्यापुढे चहाची बशी ठेवायची, असा तेव्हापासून आमच्याकडे रिवाज पडला. चहा नंतर रऊफभाईच पितात, हे सांगायला नको.

एका रविवारी ही पोरगी डोळे पुसत आली. मी म्हटलं, 'काय गं, स्थळ मोडलं?'

'नाही मावशी, ठरलंय. मार्गशीर्षात लग्न.'

'मग रडतेस कशाला?'

मग तिनं घरचं सांगितलं. तिची आजी, जिला सगळं घर जिजी म्हणतं, ती आपल्या मुलाशी, म्हणजे बाळासाहेबांशी, बोलत नाही. कारण बाग. घराजवळची जुनी थॉमसनची द्राक्षबाग जिजीनं आणि तिच्या मालकानं लावलेली. नवरा गेल्यावर जिजी त्या बागेतच बसायची. बाग म्हातारी झाली, माल येईना, फवारणीसुद्धा बंद केलेली. आणि जिजी चार दिवस बहिणीकडे घोटीला गेली तेवढ्यात बाळासाहेबांनी ट्रॅक्टर घालून ती उपटली. विचारलं नाही, सांगितलं नाही. म्हातारी परत आली तर पुढे नुसती ढेकळं.

'तेव्हापासून जिजी बाबांशी एक शब्द बोललेली नाही. जे काय सांगायचं ते म्हशीला सांगते.'

'कोणाला?'

'चंद्रीला. आमची म्हैस. चंद्रे, सांग त्याला, भाकर गार झाली. चंद्रे, सांग त्याला, औषध संपलं. आणि बाबापण म्हशीलाच सांगतात, आलो म्हणावं. मधे चंद्रीला दवाखान्यात नेली तर घरात सगळी सामसूम!'

मला हसू आवरेना. पण पोरगी हसत नव्हती. 'मावशी, लग्नात दोघं माझ्या शेजारी उभे राहणार. मांडवात म्हैस आणू का मी?'

मग मात्र माझं हसू जिरलं. तिच्या डोक्यात असं होतं की रुखवतात दुसरं काही नको, फक्त भांड्यांचा एक संच. पण ग्लेझ त्या बागेच्या राखेचं. कारण बाग उपटली तरी जिजीनं खोडं विकू दिली नव्हती. ती खोडं सोलून ठेवलेली आणि रोज एकेक करून ती चुलीत घालत होती. 'ती भांडी बाबांनी स्वतः करून घेतली तर ती बोलेल. नाहीतर कधीच नाही बोलणार. मी ओळखते तिला.'

तिनं डबाभर राख आणली. मी चाळली, धुतली, वाळवली, दगडाच्या पुडीत मिसळून एका टाइलवर लावून भाजली. आणि काय सांगू! बेदाण्याचा रंग असतो ना, उन्हाकडे धरल्यावर दिसतो तो, मधाळ आणि कडेला किंचित हिरवट, अगदी तसा आला. ती टाइल प्रणालीनं घरी नेली. जिजीनं ती पदरानं पुसली, नाकाशी धरली, गोठ्यात गेली आणि म्हणाली, 'चंद्रे, ही आपली बाग हाय गं.' मग खूप वेळ म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. आणि शेवटी निरोप दिला: 'सांग त्याला, अख्खा संच कर म्हणावं. भट्टी उघडंल तवा मी येईन बघाया.'

आता संच म्हणजे ताटं, वाडगे, कप. त्याला डबाभर राख पुरत नाही. दिवाळी झाल्यावर बाळासाहेब स्वतः गोणी घेऊन आले. उंच, दणकट माणूस, पण त्या दिवशी जरा वाकून चालत होता. मी गोणीत हात घातला. राख जरा निराळी लागली.

'बाळासाहेब, सगळी जुन्या बागेचीच ना? चुलीतली?'

'हो ताई. सगळी.'

'नवीन राख आली की मी आधी टाइल भाजून बघते.'

'आहो ताई, लग्न आलं तोंडावर! तुमचा विश्वास नाय का? आईशपथ जुनी हाय!'

ज्या आईनं याच्याशी अबोला धरलाय तिचीच शपथ हा घेतोय! मी टाइलचा हट्ट सोडला आणि गोणी आत घेतली.

रऊफभाईंनी भट्टी लावली. भट्टी अर्धी रिकामी पेटवणं म्हणजे गॅस जाळून हात शेकणं, म्हणून उरलेल्या फळ्यांवर शुभ्रकाकांचा संच ठेवला. बिचारा मुळा-रुमाल. मुकादमापुढे चहा ठेवला, दार विटांनी बंद केलं आणि पेटवली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही भट्टीला पोटभर हवा देत नाही. हवा कमी केली की ज्वाळा भुकेली होते आणि ग्लेझमधलाच प्राणवायू ओढून घेते. त्यानं रंग पालटतात. लोखंडाचा वेगळा होतो, तांब्याचा तर पार वेगळा. हवेत भाजलेलं तांबं हिरवं येतं, आणि भुकेल्या ज्वाळेत लाल. तो लाल मिळावा म्हणून कुंभारलोक म्हातारे होतात. मीही वर्षानुवर्षं तांब्याची पूड घालून बघितली, दर वेळी कलेजीचा रंग. काळपट, शिळी कलेजी. शेवटी तो नाद मी सोडून दिला होता.

भट्टी थंड झाली त्या सकाळी सगळी मंडळी जीपमधून उतरली. जिजी म्हणजे वाळकी, ताठ, नऊवारी, कपाळाला एकच आठी पण कायमची. मातीच्या गोणीवर बसली, सगळीकडे नजर फिरवली आणि भट्टीच्या माथ्यावर अडली.

'हे काय? बटाट्याला शिंगं?'

'जिजी, ही आपली चंद्री,' प्रणाली म्हणाली.

जिजीनं तिला नीट न्याहाळलं. मग घसा खाकरून त्या मातीच्या म्हशीला म्हणाली, 'चंद्रे, सांग त्याला, माझी पिशवी गाडीत राह्यली.'

बाळासाहेबांनी टोपी काढली, मुकादमाकडे बघितलं आणि म्हणाले, 'चंद्रे, सांग, आणतो म्हणावं.' आणि गेले.

रऊफभाई माझ्या कानाशी लागले, 'ताई, चहा फुकट जात नव्हता बघा. ये तो काम करती है!'

मग त्यांनी विटा काढायला सुरुवात केली. पहिली काढली, दुसरी काढली, आणि आत डोकावून तसेच थांबले. 'या अल्लाह,' म्हणाले.

मी पुढे झाले. आत बेदाणा नव्हता. आत डाळिंब होतं! कप लाल, वाडगे लाल, ताटं मधोमध लाल आणि काठाला मधाळ. दाराच्या फटीतून जिथं हवा शिरली होती तिथली दोन भांडी चक्क पोपटी. आणि खालच्या फळीवर शुभ्रकाकांचा संच. तांब्याची वाफ भट्टीभर फिरते आणि शेजारच्यांना रंगवते. पांढरा तर पहिला सापडतो. अख्खा संच गालावर गुलाबी होऊन बसला होता, नव्या नवरीसारखा.

मला एकाच वेळी नाचावंसं वाटलं आणि पळून जावंसं वाटलं. ज्या लालासाठी मी जन्मभर झुरले तो असा न बोलावता येऊन बसला होता, आणि नेमका ज्या दिवशी नको त्या दिवशी! प्रणालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. जिजी जागची हलली नाही. 'चंद्रे,' ती हळू आवाजात म्हणाली, 'ही माझी बाग नाय.'

झालं, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. 'बाळासाहेब, या राखेत तांबं आलं कुठून?'

'तांबं? घरात फक्त अंघोळीचा बंब हाय ताई तांब्याचा. त्याची राख असंल.'

'बंब काय विरघळला त्यात?'

'मग मला काय म्हाईत? तुमच्याच डब्यात सांडलं असंल काय!'

'माझ्या डब्यांना नाव ठेवू नका! तांबं म्हणजे भांडंच असायला पाहिजे असं नाही. मोरचूदसुद्धा तांबंच असतं.'

मोरचूद म्हटल्याबरोबर जिजीची मान वर आली. द्राक्षवाल्यांना हे मी काय शिकवणार? मोरचूद आणि चुना कालवून पावसाळ्यात बागेवर मारतात, वेली निळ्या होईस्तोवर. तसल्या वेलींच्या छाटणीच्या काड्या जाळल्या की ते तांबं सगळं राखेत.

जिजी गोणीवरून उठली. पिशवी उचलली. आणि थेट मुलासमोर जाऊन उभी राहिली.

'माझ्या बागेला कित्येक वर्सं कोनी फवारा नाय मारला. मोरचूद तुझ्या नव्या प्लॉटवर हाय. ही औंदाच्या छाटनीची काडी जाळली ना तू? बोल की! तोंड शिवलंय का? बाळ्या, तुला म्हनते मी!'

 रऊफभाईंच्या हातात वीट तशीच. मी मुकादमाकडे बघितलं, ती तर वरच होती. मधे म्हैस नव्हती. कोणीच नव्हतं.

'राख कमी पडली गं,' बाळासाहेब म्हणाले.  'निम्मीच भरली. तुला सांगितलं असतं तर तू संचच नको म्हनली असतीस. म्हनून वर नवी घातली. राख ती राख, कोनाला कळनार म्हटलं...'

'आन् शपथ माझी घेतली? मी मरावी म्हनून?' आणि तिनं पिशवी फेकून मारली. 'इचारायचं नाय, सांगायचं नाय, गुपचूप करायचं! बागेला बी तेच केलं, राखेला बी तेच! लाज हाय का काही?'

बाळासाहेब खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. एवढा दणकट माणूस, लहान पोरासारखा. मी घाबरले. पण ते हसतही होते. 'जिजी, तू बोलली माझ्याशी. मला वाटलं व्हतं तू न बोलताच जाशील.'

'बोलली तर बोलली! अजून लय बोलायचंय! ऊठ, नाक पूस!'

मग तिनं भट्टीतला एक कप उचलला, उजेडाकडे धरला. काठाला बेदाण्याचा पट्टा होता, खाली लाल. 'ह्यात दोन्ही बागा हायेत व्हय?' तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, 'हो जिजी. वरचा काठ तुमचा. खालचं सगळं त्यांच्या नव्या बागेचं.'

तिनं बोटानं काठ चाचपला.  मग कप मुलाच्या हातात दिला आणि म्हणाली, 'धर. फोडू नको म्हंजी झालं.' आणि घरापर्यंत जीपमध्ये तिचं तोंड बंद नव्हतं, असं प्रणालीनं नंतर फोन करून सांगितलं. ती हसत होती की रडत होती ते मला फोनवर कळलं नाही.

शुभ्रकाकांना तोंड दाखवायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी रऊफभाईंना पुढे केलं आणि स्वतः गोणीमागे उभी राहिले. काकांनी एक ताट हातात घेतलं, खिशातून रुमाल काढला, शेजारी धरला. बरोबर मुळाही आणला असता तर तोही धरला असता. 'हे शुभ्र नाही,' ते म्हणाले. मी म्हटलं, दुसरा संच करून देते. पण त्यांची पत्नी सोबत आली होती. तिनं एक गुलाबी वाडगा उचलला आणि हसत सुटली. 'अहो, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही अस्सेच दिसत होता!' काका मग खरंच तसे दिसायला लागले. संच घेऊन गेले. गंगापूर रोडला कधी भेटले की अजून म्हणतात, 'मंदाताई, शुभ्र राहिलंय बरं का.'

लग्नाला मी आणि रऊफभाई दोघं गेलो. रुखवतात तो लाल संच मांडला होता, मधोमध मातीची म्हैस. मुकादमाला आम्ही एका दिवसाची रजा दिली होती. नवऱ्या मुलाची आई पारखी बाई. एकेक वाडगा उलटा करून बघत होती. 'हा लाल कुठला म्हणायचा? बाजारात नाही बघितला.' जिजी शेजारीच उभी होती, मुलाच्या दंडाला धरून. छाती काढून म्हणाली, 'हा माझ्या पोराच्या लबाडीचा रंग हाय. दुसरीकडं न्हाय मिळायचा.'

आणि ते अगदी खरं निघालं. माझं दुःख काय सांगू! पुढच्या वर्षी मी बाळासाहेबांकडून त्याच प्लॉटच्या काड्या मागवल्या. त्यांनी वाळवून, मोजून, चिठ्ठी लावून प्रामाणिकपणे पाठवल्या. कलेजी. पुन्हा मागवल्या, पुन्हा कलेजी. जुन्या बागेची राख आता उरलेली नाही आणि तिचं नव्या राखेशी किती प्रमाण होतं हे घाईघाईत गोणी भरणाऱ्यालाही आठवत नाही. मी त्यांना म्हटलं, 'बाळासाहेब, पुन्हा एकदा फसवा की मला.' ते कानाला हात लावतात. आमच्या कॉलनीतल्या विहाराला लाल वाडगे द्यायचं मनात होतं, ते राहिलंच; तिथे बुद्धपौर्णिमेची खीर माझ्या ज्या वाडग्यांतून वाटतात, ते अजूनही तपकिरीच आहेत.

परवा वणीला जाता जाता त्यांच्याकडे थांबले. चंद्री गोठ्यात रवंथ करत होती, बिनकामाची. जिजी ओट्यावरून ओरडत होती, ठिबकच्या नळीवरून, उघड्या फाटकावरून, खाऊन न संपवलेल्या भाकरीवरून. बाळासाहेब अंगणात उभे होते, हातात तो काठाला बेदाणा असलेला कप, चहा गार होत चाललेला. मला त्यांची दया आली. मी म्हटलं, 'अहो, काहीतरी उत्तर द्या म्हणजे थांबतील तरी.'

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. 'ताई, मधी नका बोलू,' ते हळूच म्हणाले. 'चालू द्या तिचं.'